वादळानंतरचे वीस दिवस

२ जून २०२०, मंगळवार. टाळेबंदी नुकती सैल होत होती, तरी आमच्या रुग्णालयाची ओपीडी नेहमीसारखीच भरली होती. अंतर राखून बाकांवर बसलेली माणसं त्या दिवशी करोनाबद्दल कमी आणि वादळाबद्दल जास्त बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते रायगडच्या किनाऱ्याला लागणार, हे टीव्हीवर सकाळपासून चाललं होतं. बंदरावर बावटा चढला होता, होड्या खाडीत आत घेतल्या होत्या. तरीही बोलण्यात धास्तीपेक्षा कुतूहल अधिक. २००९च्या नोव्हेंबरमधलं फयान बऱ्याच जणांच्या आठवणीत होतं, पण ते मुख्यतः दर्यावर गेलेल्यांच्या जिवावर बेतलं होतं. घरात बसलेल्या माणसालाही वादळाची तयारी करावी लागते, हे आमच्यापैकी कोणाच्याच अनुभवात नव्हतं. माझ्याही नाही.

त्या दिवशी तपासलेल्यांत सत्तरीला टेकलेल्या एक आजी होत्या. बारा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. साखर बऱ्यापैकी आटोक्यात होती. मी नेहमीप्रमाणे पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि इन्सुलिनची एक बाटली लिहून दिली आणि त्या उठताना म्हणालो, "उद्या सांभाळा हं आजी, दारं-खिडक्या नीट लावून घ्या." पंचवीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाने वादळाच्या आदल्या दिवशी पेशंटला सल्ला दिला, तो खिडक्यांचा.

आजी परत आल्या त्या १२ तारखेला. वाडीतून खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत आणलं होतं, तिथून टेम्पोने. श्वास धापा टाकल्यासारखा, डोळे अर्धवट मिटलेले. ग्लुकोमीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय' दिसत होतं. पायाला पत्रा लागून झालेली जखम चिघळून काळी पडली होती. मुलाला विचारलं, इन्सुलिन कधीपासून बंद आहे? तो म्हणाला, "वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच टाकून दिलं. फ्रीज बंद पडला ना. तुम्हीच तिला सांगितलंत, फ्रीजबाहेर राहिलं की वाया जातं."

खरंच होतं ते. मीच सांगितलं होतं. त्यांनाच नाही, गेली कित्येक वर्षं इन्सुलिन सुरू केलेल्या प्रत्येकाला सांगत आलो होतो. वीज आठ-पंधरा दिवस जाईल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजी वाचल्या, पण पायाची दोन बोटं काढावी लागली. वादळात त्यांच्या घरावरचे चार पत्रे उडाले होते, त्याची भरपाई मिळाली. या बोटांची नोंद वादळाच्या कुठल्याही पंचनाम्यात नाही.

मे महिना संपत आला की हे सगळं मला पुन्हा आठवतं. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन, मान्सूनच्या तोंडावरचा आणि मान्सून परतल्यानंतरचा. पूर्वी आपल्या बाजूला त्यांची फारशी वर्दळ नसे. बंगालच्या उपसागराच्या मानाने हा समुद्र शांत, असं शाळेत शिकलो. आता पाणी तापलं आहे. २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. 'निसर्ग' ३ जून २०२०च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत धडकलं. म्हणजे किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांना वादळाची पहिली तयारी येऊन गेलेली तरी आहे किंवा पुढे करायची तरी आहे. ज्यांची व्हायची आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे.

पहिल्यांदा तयारी करणारा माणूस वाऱ्याची तयारी करतो. ते स्वाभाविकच आहे. कौलं बांधायची, पत्र्यांवर गोण्या ठेवायच्या, गुरं सोडायची, मेणबत्त्या आणायच्या, दोन दिवसांचं खाणं करून ठेवायचं. प्रशासनाची पत्रकंही हेच सांगतात आणि ते चुकीचं नाही. जिथे घर कच्चं आहे किंवा समुद्राचं पाणी आत शिरण्यासारखं आहे, तिथे सांगितल्याबरोबर घर सोडावं, यात तर डॉक्टर म्हणूनही मला दुमत नाही. ओडिशाने हे करून दाखवलं आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३मध्ये 'फायलिन' आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वाऱ्यापासून माणूस कसा वाचवायचा, ते आपल्या देशाला कळलं आहे.

वारा पडल्यानंतर काय होतं, ते मात्र आपण मोजतच नाही. २०१७च्या सप्टेंबरमध्ये 'मारिया' नावाचं हरिकेन कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर आदळलं. सरकारी आकडा बरेच महिने ६४ मृत्यूंवरच अडून राहिला. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पुढच्या पाच-सहा महिन्यांतले मृत्यू एरवीच्या मृत्यूंशी ताडून पाहिले, तेव्हा २,९७५ जास्तीचे मृत्यू निघाले आणि सरकारला तो आकडा मान्य करावा लागला. त्यातले फार थोडे वाऱ्याने किंवा पाण्याने गेलेले. धोका सर्वांत जास्त होता तो गरिबांना आणि म्हाताऱ्यांना, कारण बेटावरची वीज, पाणी, रस्ते, दवाखाने महिनोन्महिने मोडलेले होते. माणसं गेली ती आधीपासून असलेल्या आजारांनी, जे एरवी औषधांवर नीट चाललेले असतात.

आमच्याकडे इतकं वाईट झालं नाही, कारण बेट नव्हतं आणि वादळही त्या मानाने लहान होतं. पण रीत तीच होती. ३ तारखेला, प्रत्यक्ष वादळाच्या दिवशी, आमच्या अपघात विभागात मोजकी माणसं आली. गर्दी सुरू झाली ५ तारखेपासून. पहिले आले छपरावरून पडलेले. आभाळ उघडलं की पत्रे बसवायची घाई होते, पाऊस पुन्हा येणार म्हणून. पत्रा ओला, वासा आतून हललेला, हाताशी धड शिडी नाही, आणि चढणारा साठीचा घरमालक, कारण मुलगा मुंबईत अडकलेला. कंबरेची हाडं, मनगटं, डोक्याला मार. त्यांच्यामागून झाडं तोडताना जखमी झालेले. आडवी पडलेली पोफळ किंवा वाकून अडकलेला आंबा दिसायला निपचित असतो, पण त्याच्या खोडात ताण भरलेला असतो. कोयता किंवा करवत लागली की ते खोड उसळतं. मग पायात खिळे गेलेले, पत्र्याने चिरलेले. यातल्या कित्येकांना धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवत नव्हतं. मोठ्या माणसानेही दर दहा वर्षांनी ते घ्यायचं असतं आणि वादळाआधीच्या सवडीच्या दिवसात घेतलं तर ते पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या आठवड्यात चेहरे बदलले. आता जखमा नव्हत्या. रक्तदाब दोनशेच्या वर गेलेले, फिट आलेले, दम लागलेले लोक येऊ लागले. विचारलं की उत्तर एकच, गोळ्या संपल्या. काहींच्या भिजल्या, काहींच्या उडाल्या, काहींच्या ३ तारखेला मुळातच दोन उरल्या होत्या. फिटच्या गोळ्या अचानक थांबल्या की फिट येणारच. हृदयरोगासाठी दिलेल्या काही गोळ्याही अशा असतात की हळूहळू कमी करता येतात, एकदम बंद केल्या तर छातीत दुखणं उलटतं. आणि तिसऱ्या आठवड्यात ताप. लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात जातात. लक्षणं दिसायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. म्हणून चिखल उपसल्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर 'भिजल्यामुळे आलं असेल' म्हणून घरी बसू नये. चिखलात काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा घेण्याची प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्रात मिळते. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, म्हणून ती विचारूनच घ्यायची.

तेव्हा पहिल्यांदा वादळाला सामोरं जाणाऱ्या घराने वाऱ्याची तयारी दोन दिवसांची करावी, पण औषधांची तयारी महिन्याची. हवामान खातं वादळाचा 'अलर्ट' साधारण ४८ तास आधी देतं, त्याच्याही आधी 'वॉच' येतो. गोळ्या मोजायला आणि तालुक्याला जाऊन यायला तेवढा वेळ पुरतो. लोक विचारतात, वादळ वळून गेलं तर? गेलं तर गेलं. महिन्याच्या गोळ्या पुढच्या महिन्यात खाल्ल्या जातात, त्या वाया जात नाहीत. पत्र्यावर टाकलेल्या गोण्यांपेक्षा हा सौदा चांगला.

गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. पाकिटावरचं नाव हीच परक्या डॉक्टरला मिळणारी खरी माहिती असते. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या ठेवा, सोबत एका कागदावर आजार, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, कशाची अॅलर्जी आहे, ते लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये आहे, असं हल्ली सगळे सांगतात. निसर्गनंतर चौथ्या दिवशी आमच्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येकाचा मोबाइल बंद होता. चार्जिंग नव्हतं आणि टॉवरही पडले होते. पांढरी गोळी, छोटी, मधे रेघ असलेली, एवढ्या वर्णनावर औषध ओळखण्याचा खेळ आम्ही कितीतरी दिवस खेळलो.

आता इन्सुलिन. जे मी तेव्हा सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, कारण तिथे ती तिच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत टिकते. पण फ्रीजबाहेर आली म्हणजे ती त्या क्षणी मेली, असं नाही. तीस अंशांच्या आतल्या तापमानात, उन्हापासून दूर ठेवलं तर इन्सुलिन साधारण चार आठवडे चांगलं काम करतं. वीज नसेल तर मोठ्या मडक्यात वाळू घाला, ती ओली ठेवा, तिच्यात लहान मडकं बसवा, आत कोरड्या प्लास्टिकच्या डबीत बाटली ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. आपल्या आज्या दूध असंच टिकवायच्या. बर्फात थेट खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन मात्र खरंच निकामी होतं. सरकारी रुग्णालयात बहुधा मिळतं ते मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं. तळहातांत फिरवल्यावर ते एकसारखं व्हायला हवं. गुठळ्या राहिल्या, काचेला कण चिकटले तर ते बदलावं. पण दुसरी बाटली मिळेपर्यंत काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं की थोडी ताकद कमी झालेलं इन्सुलिन हे मुळीच नसलेल्या इन्सुलिनपेक्षा पुष्कळ बरं. ते घेत राहा आणि जमेल तितक्या लवकर दवाखाना गाठा. खाणं कमी झालं म्हणून डोस किती कमी करायचा, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून त्या कागदावर लिहून ठेवा. वादळानंतर विचारायला कोणी सापडेलच असं नाही.

डायलिसिसवर असणाऱ्यांचं गणित आणखी कठीण आहे. आठवड्यातल्या दोन-तीन पाळ्या, केंद्र तीस-चाळीस किलोमीटरवर आणि मधे पडलेली झाडं. अमेरिकेत २०१२च्या 'सँडी' वादळाआधी काही केंद्रांनी आपल्या रुग्णांचं डायलिसिस एक दिवस आधीच उरकून घेतलं होतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अशा रुग्णांना आपत्कालीन विभागात जावं लागण्याचं, भरती व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. आपल्याकडेही केंद्राला फोन करून "माझी गुरुवारची पाळी मंगळवारी घ्या" असं म्हणता येतं, पण ते रुग्णाने म्हणावं लागतं. आणि एक गोष्ट फक्त कोकणातल्या डॉक्टरलाच सुचेल अशी. वादळानंतर वाडीत शहाळ्यांचा सडा पडलेला असतो. पिण्याचं पाणी गढूळ, म्हणून घरदार शहाळ्यावर राहतं. निरोगी माणसाला ते उत्तमच. पण मूत्रपिंड काम करत नसलेल्याला शहाळ्याचं पाणी घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर टाकायला वाटच नसते. हृदयाचे ठोके त्याने अचानक थांबू शकतात. पडलेली केळीही तशीच. डायलिसिस चुकलं असेल तर शहाळं, केळं आणि फळांचे रस पूर्ण बंद, मीठ कमी आणि पाणी एरवीपेक्षाही मोजून. ज्या माउलीने प्रेमाने शहाळं पुढे केलं आहे, तिला नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. तरी म्हणा.

गरोदर बाईचे दिवस भरत आले असतील, पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली तारीख असेल, तर तिला वादळाआधीच तालुक्याच्या गावी, रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावं. ओडिशात अशा बायकांना आधीच प्रसूतीच्या ठिकाणी हलवतात. १०८ला फोन करू, यावर विसंबू नका. पहिले दोन-तीन दिवस फोन लागत नाही, आणि लागला तरी गाडीला रस्ता नसतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर ते विजेवर चालतं, हे लक्षात ठेवून सिलिंडरची सोय किंवा चक्क दोन आठवडे दुसऱ्या गावी राहण्याची सोय आधी करावी.

मेणबत्ती या प्रकाराबद्दलही जरा बोलतो. ती पारंपरिक यादीत असतेच, पण जाळीच्या खिडकीतून येणारा वारा, भिजलेली गादी, झोपलेली मुलं आणि जळती मेणबत्ती हा जुळून येऊ नये असा योग आहे. बॅटरी घ्या. सेलवर चालणारा रेडिओ घ्या, आकाशवाणी ऐकू येते. आणि भाड्याने जनरेटर आणणार असाल तर तो पडवीतही नको, खिडकीखालीही नको. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. २०२०च्या ऑगस्टमध्ये 'लॉरा' या हरिकेनने अमेरिकेत वाऱ्या-पाण्यापेक्षा या जनरेटरच्या धुराने जास्त बळी घेतले. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचंही तेच. तुटून पडलेल्या तारेला तर, वीज नाहीच आहे असं समजून, कोणी हात लावू नये. शेजाऱ्याने जनरेटर चुकीचा जोडला तर 'मेलेली' तार जिवंत होते.

पाण्याचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, कारण कोकणात विहीर असतेच. पण विहिरीवरचा रहाट केव्हाच निघाला आहे. वीज गेली की पंप बंद, आणि पाणी काढायला घरात दोर नाही, असं मी कित्येक घरांत पाहिलं. दोर आणि बादली आधी शोधून ठेवा. पाणी उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. जागा लागत नाही म्हणून ओआरएसची पाकिटंही डब्यात टाका. आणि लाकडांचा, पाचोळ्याचा ढीग उपसताना हातापायांत काहीतरी घाला. बिळात पाणी गेलेलं फुरसं किंवा घोणस अशाच ढिगात आसरा घेते. साप चावला तर बांधणं, चिरणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता हातपाय न हलवता सरकारी रुग्णालय गाठावं, लस तिथे असते. रस्ता बंद असेल तर कुठल्या बाजूने, कोणाच्या गाडीने जायचं, हे वाडीने आधीच ठरवलेलं असावं.

वाऱ्याच्या वेळची एकच गोष्ट सांगतो, कारण पहिल्यांदा अनुभवणारा तिथे हमखास फसतो. वादळाचा मध्य, त्याला डोळा म्हणतात, डोक्यावरून जात असेल तर वारा एकदम थांबतो. कधी ऊनही पडतं. लोक बाहेर येतात, गोठा बघतात, पत्रे गोळा करतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तसाच पुन्हा सुटतो आणि मघाशी सैल झालेलं सगळं उडवतो. रेडिओवर सांगेपर्यंत आतच राहावं.

इथवर घरांचं झालं. पण सगळा भार पेशंटच्या डब्यावर टाकून मोकळं व्हायचं मला पटत नाही. ज्या आजी माझ्याकडून पंधरा दिवसांचंच औषध घेऊन गेल्या, त्यांनी महिन्याचा साठा करावा तरी कुठून? आमच्या खिडकीवर तेवढंच मिळत होतं. साठ्याचा हिशोब असतो, त्यामागे कारणंही असतात, मी ती नाकारत नाही. पण 'अलर्ट' आल्याबरोबर किनाऱ्यावरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्याने रक्तदाब, मधुमेह, फिट, दमा, हृदयरोग, मानसिक आजार यांची औषधं एकदम महिन्याची द्यावी, एवढा एक आदेश कायमचा असायला काय हरकत आहे? दरवेळी वरून पत्र येण्याची वाट पाहावी लागू नये. एकूण औषध तेवढंच लागतं, फक्त आधी दिलं जातं.

याद्या तर तयारच आहेत. आपल्या वाडीत कोण गरोदर आहे, कोणाची तारीख कधी आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला इन्सुलिन लागतं, हे आशाताईंना पाठ असतं. निसर्गच्या वेळी प्रशासनाकडे घरांची, होड्यांची, झाडांची यादी होती. या माणसांची यादी वहीत होती आणि वही आशाताईंच्या कपाटात. तलाठी आणि आशाताई यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा एकत्र बसावं, बस्स. डायलिसिस केंद्रांनी आदल्या दिवशी जादा पाळी चालवावी. आणि आम्ही आमचं घरही सावरावं. त्या वादळात आमच्या रुग्णालयाचा जनरेटर पहिली रात्र नीट चालला, दुसऱ्या दिवशी डिझेल आणायला रस्ताच नव्हता. लसींचे डबे आम्ही बर्फाच्या कारखान्यातून आणलेल्या लादीवर जगवले, त्यातही काही गेल्याच. लोकांना तयारी शिकवणाऱ्यांचीही ती पहिलीच वेळ होती.

तात्पुरत्या निवाऱ्यांबद्दलही एक तक्रार आहे. म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नाहीत, ते हट्टी आहेत, असं अधिकारी म्हणतात. मी त्यांच्याशी बोललो आहे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला रात्री पाच वेळा उठावं लागतं आणि शाळेतल्या निवाऱ्यात शंभर माणसांमागे एक संडास, तोही मैदानापलीकडे, पावसात. गुडघे गेलेल्या बाईला जमिनीवर बसलेलं उठता येत नाही. चार खुर्च्या, एक कमोड, संडासापर्यंत उजेड आणि गुरांची काहीतरी सोय, एवढं असेल तर त्यातले निम्मे तरी आपण होऊन येतील, असं मला वाटतं.

झोपेचंही लिहायला हवं. त्या वर्षी जुलैत, ऑगस्टमध्ये, साधा पावसाळी वारा सुटला तरी छातीत धडधडतं, झोप येत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ होते. बहुतेक साठीच्या आसपासचे, पोफळीच्या, नारळाच्या वाडीवर जगलेले. नवं झाड लावलं तर फळाला यायला पाच-सात वर्षं, आणि तोवर आपण असू का, हा त्यांचा हिशोब. इसीजी नॉर्मल यायचा. मी सुरुवातीला झोपेच्या गोळ्या दिल्या, मग थांबलो आणि पाच-पाच मिनिटं नुसतं ऐकू लागलो. काहींना त्याने फरक पडला, काहींना पुढे मानसोपचाराची गरज लागली.

आजी अजून येतात. नातू बरोबर असतो. या मे महिन्यात आल्या तेव्हा पायाची जखम वगैरे काही नव्हती, साखरही बरी होती. कागद पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, यंदा एक बाटली जास्तीची द्या. पावसाचं काय सांगता येतंय." नातवाने वाळूचं मडकं करून ठेवल्याचंही सांगितलं. मी महिन्याचं लिहिलं. खिडकीवरून चिठ्ठी परत आली, पंधरा दिवसांचंच देता येतं म्हणून. मग चिठ्ठीवर कारण लिहिलं, 'पावसाळा', आणि खाली सही केली. औषधनिर्मात्याने बाटल्या दिल्या आणि ती चिठ्ठी वेगळ्या फायलीत लावून ठेवली, ऑडिटला दाखवायला.